रात्री कूस कोण बदलणार?

स. न. वि. वि.

पुण्यात आणि आसपास वृद्धांसाठी दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रे भराभर निघत आहेत. जाहिरातींत बाग असते, देऊळ असते आणि हमखास 'चोवीस तास नर्सिंग' असते. त्या चोवीस तासांतल्या रात्रीविषयी लिहिते आहे. रुग्णालयातून अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाल्यावर अशाच एका केंद्रात मी नर्सिंग विभाग सांभाळला.

आमच्याकडे 62 आजी-आजोबा होते. त्यांपैकी 19 जणांना स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हते. अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने जखमा, होतात. दोघींनी मिळून वळवायचे, डायपर बघायचा, पाठीवर लाली आली आहे का ते पाहायचे, उशा लावायच्या. घाई न करता माणशी दहा मिनिटे जातात. 19 जणांची 190 मिनिटे झाली, म्हणजे एका जोडीला एक फेरी दोन तासांत पुरी करता येतच नाही. म्हणून नाइटला मी एक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली) सिस्टर आणि तीन मावशी ठेवत असे. दोन जोड्या झाल्या, तरी दोन तासांत हाताशी 25 मिनिटेच उरत. तेवढ्यात कुणी आजोबा झोपेच्या गोळीच्या अमलात एकटेच बाथरूमकडे निघालेले असायचे.

व्यवस्थापनाचे म्हणणे, "मॅडम, रात्री सगळे झोपलेलेच असतात, एक मावशी कमी करा." मी नकार दिला. पुढच्या महिन्यापासून ड्युटी लिस्ट ऑफिसातून यायला लागली, नाइटला एक मावशी कमी करून. सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर (कामाचा ताबा) घेताना कूस बदलल्याच्या चार्टवर 10, 12, 2, 4 अशा सगळ्या वेळांपुढे सह्या दिसत, एकाच पेनाने, एका दमात ठोकलेल्या. मावशींना रागवायला माझी जीभ उचलली नाही. तिघींत होत नाही ते काम झाले, असे लिहायला त्यांना आम्हीच भाग पाडले होते. एका निवृत्त शिक्षकांच्या पाठीला जखम झाली. त्यांच्या मुलीने मला विचारले, "सिस्टर, तुम्ही होतात ना?" त्यानंतर मी राजीनामा दिला.

ज्याच्या नावावर जबाबदारी, त्याच्या हाती माणसे ठरवण्याचा अधिकार हवा. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे, आहे त्या मनुष्यबळात झेपणार नाही अशा रुग्णाची भरती नाकारण्याचा अधिकारही हवा. पुण्यातल्या पुष्कळ आजी-आजोबांची मुले अमेरिकेत आहेत. तिथे सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये नोंदणीकृत नर्स पूर्णवेळ विभागप्रमुख असावी, असा नियम आहे. सरासरी 60 पर्यंत रहिवासी असतील तरच तिला स्वतः पाळीची ड्युटी लावता येते. (आमच्याकडे सिस्टर आली नाही की मीच नाइट करून सकाळी पुन्हा राउंडला उभी!)

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 चा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट आहे. खाजगी केंद्रात रात्री किती हात असावेत, याबद्दल काही नाही. 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष होते, पण ते मंजूर झालेच नाही. राज्य सरकारने आता स्वतःचे नियम करावेत. परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली पूर्णवेळ नर्सिंग प्रमुख त्यात सक्तीची असावी, आणि रात्रपाळीची ड्युटी लिस्ट दारातच, नातेवाइकांना वाचता येईल अशी लावलेली असावी.

तोवर आई-वडिलांसाठी जागा बघायला जाणाऱ्यांनी बाग सकाळी बघावी, पण एकदा रात्री साडेनऊनंतरही जावे. मावशी मोजाव्यात आणि कूस बदलल्याचा चार्ट मागावा.

– एक निवृत्त अधिसेविका, पुणे