टाउन हॉलच्या हिरवळीवर लक्ष्मी मांडण्याविषयी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या गावातील मराठी मंडळी यंदा टाउन हॉलच्या हिरवळीवर नगरपालिकेच्या खर्चाने दिवाळीचा देखावा आणि लक्ष्मीची मूर्ती मांडावी असा अर्ज करणार आहेत आणि त्यावर तुझी सही मागत आहेत, असे तू कळवलेस. नाताळात तिथे येशूजन्माचा गोठा मांडला जातो, मग आपणच मागे का राहावे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तरीही तू सही करू नयेस असे मला वाटते. कारणे फोनवर घाईघाईने सांगण्यासारखी नाहीत, म्हणून लिहिते आहे.

या वादाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या पिट्सबर्गचाच आहे. ॲलेगेनी काउंटीच्या न्यायालयातील भव्य जिन्यावर एका कॅथलिक संस्थेचा गोठा मांडला जात असे. त्याला लाकडी कुंपण होते, कुंपणाभोवती पॉइन्सेटियाच्या लाल-पांढऱ्या फुलझाडांच्या कुंड्या होत्या आणि वर देवदूताच्या हाती परमेश्वराचा महिमा गाणारा लॅटिन फलक होता. तिथून जवळच, सिटी-काउंटी बिल्डिंगसमोर, ४५ फुटी नाताळवृक्षाशेजारी ज्यूंच्या हनुका सणाचा १८ फुटी मेनोरा, म्हणजे फाट्यांचा दीपस्तंभ, उभा असे आणि त्यांच्याजवळ स्वातंत्र्याला वंदन करणारी महापौरांची पाटी असे. सरकारने कोणत्याही धर्माची पाठराखण करू नये या तत्त्वावर १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जिन्यावरचा गोठा घटनाबाह्य ठरवला, कारण सत्तेच्या मुख्य वास्तूत तो एकटाच, निव्वळ धर्माचा संदेश देत उभा होता. मेनोराला मात्र परवानगी मिळाली, कारण वृक्ष आणि पाटी यांच्या संगतीत तो सणासुदीच्या एकूण सजावटीचा भाग वाटत होता.

त्याआधी, १९८४ मध्ये, ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहराचा गोठा याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला होता. शहराने तो १९७३ मध्ये १,३६५ डॉलरना विकत घेतला होता. तो टिकला, कारण त्याच्या आजूबाजूला सांताचे घर, रेनडियर, विदूषक, हत्ती आणि टेडी बेअर मांडलेले होते. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाच, म्हणजे मला काय खुपते ते तुझ्या लक्षात येईल. सरकारी अंगणात देवाला जागा मिळते, पण त्याचे देवपण पुरेसे पातळ झाले असेल तरच. पॉटकेटच्या खटल्यात ज्यांचा गोठा जिंकला त्यांच्या श्रद्धेचा त्यात खरे तर पराभवच झाला, असे मी मानते. विरोधी मत नोंदवताना न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनीही याच अर्थाची खंत व्यक्त केली होती.

पॉटकेटला लागूनच असलेले प्रॉव्हिडन्स १६३६ मध्ये रॉजर विल्यम्स यांनी वसवले. ते कट्टर श्रद्धाळू धर्मोपदेशक होते. चर्चची बाग आणि जगाचे रान यांच्यामध्ये भिंत हवी, असे त्यांनी लिहिले ते बाग वाचावी म्हणून. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी १८०२ च्या पत्रात हीच भिंतीची प्रतिमा वापरली आणि तीच पुढे सर्वांच्या तोंडी राहिली. परंतु धर्म आणि सरकार यांची ही फारकत म्हणजे धर्माचा द्वेष, असे जे आज सर्रास बोलले जाते त्याला विल्यम्स यांचे उत्तर अधिक चोख आहे.

कायदा अलीकडे सैल झाला आहे, हे मला ठाऊक आहे. २०१९ मध्ये मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्गचा ४० फुटी युद्धस्मारक क्रूस कायम राहिला आणि २०२२ पासून न्यायालय इतिहास व परंपरा यांकडे पाहून निर्णय देते. तुमचा अर्ज कदाचित मंजूरही होईल. पण परंपरा कोणाची मोजली जाणार, याचा विचार कर. ती मोजणी आपल्या बाजूने फार क्वचित लागेल.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीला सार्वजनिक देव परका नाही. मात्र तिथेही मंडपातला गणपती मंडळाचा असतो. वर्गणी लोक देतात आणि महापालिका परवानगी देते. सरकारी कचेरीत सत्यनारायण घातला जातो तेव्हा तो कोणाच्या नावाने, हा प्रश्न मात्र तिथेही सुटलेला नाही. कर भरायला किंवा दाखला घ्यायला आलेल्या माणसाला ही कचेरी कुणा एका धर्माची आहे असे क्षणभरही वाटू नये, एवढाच माझा आग्रह आहे. ती जाणीव तू शाळेत असताना डिसेंबर महिन्यात पुरेशी सोसली आहेस.

म्हणून मंडळाला अर्ज बदलायला सांग. सार्वजनिक उद्यानातील जागा इतरांना ज्या भाड्याने आणि ज्या नियमांनी मिळते, तशीच मागा. खर्च वर्गणीतून करा आणि देखावा मंडळाचा आहे अशी स्पष्ट पाटी लावा. जागा सर्वांना खुली असेल तर नगरपालिकेला धर्म पाहून नकार देता येत नाही. बॉस्टन शहर आपल्या ध्वजस्तंभावर इतरांचे झेंडे लावू देत असे, पण ख्रिस्ती झेंडा त्याने नाकारला, तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयाने एकमताने तसेच सांगितले. अर्थात मग शेजारी नास्तिकांचा फलकही येईल आणि तो तुम्हाला सोसावा लागेल. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिकाच्या उद्यानात १९५३ पासून गोठे मांडले जात. २०११ मध्ये सोडतीत बहुतेक जागा नास्तिकांना मिळाल्या आणि पुढच्या वर्षी शहराने तिथे खाजगी देखावेच बंद केले. याचीही कल्पना मंडळींना आधी दे.

टाउन हॉलसमोरच्या गोठ्याचा तुला त्रास होत असेल, तर तसे कौन्सिलच्या सभेत रहिवासी म्हणून स्वतःच्या नावाने बोल. त्याच्या बदल्यात आपला वाटा मागू नकोस. नव्या अर्जाचा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठवलास तर वाचून सूचना कळवीन.

तुझी,
आई