टोस्टर साफ करताना आधी प्लग काढा, मग फडकं घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातली उपकरणं स्वच्छ कशी ठेवायची याच्या टिप्स आजकाल जिकडेतिकडे असतात, पेपरांच्या पुरवण्यांत असतात, मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओंमध्ये असतात, आणि त्यातल्या बऱ्याच कामाच्याही असतात. पण टोस्टर आणि ओटीजीच्या (म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेल्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या) टिप्स वाचल्या की मला राहवत नाही, म्हणून हे पत्र. सगळा भर चकचकीत दिसण्यावर असतो. ही पेस्ट लावा, तो सोडा लावा, दहा मिनिटं ठेवा, पुसा, बघा कसं नव्यासारखं दिसतंय! आणि प्लग काढा हे वाक्य एकतर नसतंच, नाहीतर शेवटी "योग्य ती काळजी घ्यावी" असं एका ओळीत उरकलेलं असतं. योग्य ती म्हणजे कोणती, हे ज्याला माहीत नाही तोच तर टिप्स वाचतो ना?

टोस्टरच्या आत काय असतं ते एकदा नीट समजलं की बाकीचं सांगावंच लागत नाही. वरच्या खाचेतून डोकावलं तर दोन्ही बाजूंना अभ्रकाचे पातळ पत्रे दिसतात आणि त्यांच्यावर गुंडाळलेली बारीक तार किंवा पट्टी दिसते. ही नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. ॲल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाला १९०६ मध्ये या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि त्यानंतरच विजेवरचे टोस्टर खऱ्या अर्थाने टिकायला लागले, कारण ही तार लालभडक तापली तरी तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि आतली तार जळून जात नाही. पण मुद्दा हा की ही तार पूर्ण उघडी असते. तिच्यावर रबर नाही, प्लास्टिक नाही, काहीच नाही, कारण त्या उष्णतेत तसलं वेष्टण टिकणारच नाही. घरातल्या बाकी वायरला आपण उघड्या हाताने शिवत नाही आणि इथे मात्र अडकलेला पावाचा तुकडा काढायला सरळ सुरी किंवा काटा आत घालतो!

यावर लोक म्हणतात, अहो पाव खाली दाबायचा खटका वर आलाय, म्हणजे टोस्टर बंदच आहे की. नाही, असं धरून चालू नका. काही टोस्टरमध्ये आतला स्विच दोन वायरपैकी एकच तोडतो, आणि प्लगमधल्या किंवा सॉकेटमधल्या जोडण्या उलट्या झालेल्या असतील तर खटका वर असूनही तारेपर्यंत करंट आलेला असू शकतो. भिंतीवरच्या बटणाचंही तसंच. कुणी वायरिंग करताना ते बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर बसवलं असेल तर बटण बंद केल्यावर टोस्टर तापणार नाही, पण आतली तार जिवंतच राहील. बाहेरून बघून हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढून समोर ओट्यावर ठेवायचा, डोळ्यांना दिसेल असा. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की अशा टिप्स छापाल तेव्हा हे पहिलं वाक्य म्हणून छापा, जाड अक्षरात छापा, जागा कमी पडली तर चमकवायच्या दोन युक्त्या गाळा पण हे गाळू नका.

प्लग काढल्यावर थांबायचं. गार होऊ द्यायचं, अगदी हाताला थंडगार लागेपर्यंत. घाई असेल तर आज साफ करू नका, उद्या करा, पण कोमट असतानाच हात घालू नका.

मग खालचा चुऱ्याचा ट्रे. कितीतरी लोकांना टोस्टरला खाली ट्रे असतो आणि तो सरकवून बाहेर निघतो हेच माहीत नसतं, ही अतिशयोक्ती नाही. रोज वापर असेल तर आठवड्यातून एकदा तरी हा ट्रे रिकामा करायलाच हवा असं माझं मत आहे. कारण हा चुरा प्रत्येक वेळी पुन्हा पुन्हा भाजला जातो, पार कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरडा चुरा पेटायला फार काही लागत नाही. सुरुवातीला नुसता जळका वास येतो, मग धूर, आणि आपण म्हणतो सेटिंग जास्त झालं असेल, असं म्हणून सोडून देतो. शिवाय झुरळं आणि उंदीर या चुऱ्यावर येतात ते वेगळंच, आणि उंदीर आला की वायर कुरतडणार हे ठरलेलं.

ट्रे साबणाने धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. ट्रे काढलेला असताना टोस्टर कागदावर उलटा धरून बाजूने हाताने हलकेच थोपटा, बराच चुरा खाली पडतो. आपटू नका, कारण अभ्रक ठिसूळ असतं, तडकलं की तार सैल होऊन सरकते आणि शेजारच्या पत्र्याला टेकू शकते. जे उरेल ते लांब दांड्याच्या मऊ कोरड्या ब्रशने, तारांना न घासता. तारेची घासणी तर आत किंवा बाहेर कुठेच नको, तिचे बारीक तुकडे तुटून आत पडतात, दिसतही नाहीत, आणि पुढच्या वेळी तेच तुकडे करंट तारेपासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत नेऊ शकतात. बाहेरून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरड्याने पुसायचं, बस. स्प्रे मारायचाच असेल तर फडक्यावर मारा, टोस्टरवर थेट नको. आणि पाण्यात बुडवणं, नळाखाली धरणं हे तर नकोच नको, चुकून पाणी आत गेलंच तर "चालू करून वाळवू" हा विचार डोक्यात सुद्धा आणू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय तो टोस्टर परत लावायचा नाही.

चुऱ्याचा अजून एक त्रास आहे ज्याच्याकडे लक्षच जात नाही. आपोआप वर उडणाऱ्या टोस्टरचं पेटंट चार्ल्स स्ट्राइट यांना १९२१ मध्ये मिळालं, आणि लोकांना वाटतं की तेव्हापासून टोस्टरपाशी उभं राहायची गरज संपली. आजच्या बहुतेक टोस्टरमध्ये खटका खाली दाबला की एक छोटा विद्युतचुंबक तो धरून ठेवतो, वेळ संपली की चुंबकाचा करंट तुटतो आणि स्प्रिंग पाव वर ढकलते (म्हणूनच प्लग काढलेला असताना खटका खाली टिकत नाही, तो बिघाड नव्हे). पण पाव वाकडा होऊन जाळीत अडकला, किंवा चुरा साचून ती सरकणारी जाळी जाम झाली, तर स्प्रिंगचा जोर पुरत नाही, आणि बऱ्याच टोस्टरमध्ये जाळी वर आल्यावरच तारांचा करंट तुटतो. म्हणजे जाळी खालीच राहिली तर आत भाजणं चालूच! त्यामुळे टोस्टर लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, आंघोळीला तर मुळीच नाही. आणि खटका अडखळत वर येतोय असं वाटलं तर बोटाने मदत करत राहू नका, साफ करा, तरीही तसंच असेल तर तो टोस्टर बदला.

आता ओटीजी. इथे चुऱ्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे तेलकट थर. जाळी, ट्रे बाहेर काढून धुवायला सोपे, पण आतल्या भिंतींवर उडालेलं तूप, तेल, लोणी दर वेळी तापतं, काळं होतं, आणि एक दिवस धुरायला लागतं. ओव्हन गार असताना साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पुष्कळ झालं, पण ते प्रत्येक वापरानंतर फिरवायला हवं, सहा महिन्यांनी खरवडायला बसलात तर हात दुखतील आणि पत्र्यावरचा लेपही जाईल. सोड्याची पेस्ट चालते, पण तापणाऱ्या कांड्यांवर आणि हवेच्या भोकांजवळ लावू नका, ॲल्युमिनियमच्या ट्रेवर तर ती काळपट डाग पाडते. कांड्या घासायच्याच नसतात, त्यांच्यावरचं बारीकसारीक तापल्यावर जळून जातं. काही ओटीजीत कांड्या क्वार्ट्झच्या, म्हणजे काचेसारख्या नळीच्या असतात, त्या तर हलक्या धक्क्यानेही तडकतात. दाराच्या काचेला घासणीचे चरे पाडू नका, आणि काच गरम असताना ओलं फडकं लावू नका.

काही लोक खालच्या ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइल पसरतात, म्हणजे धुवायला नको. सोय वाटते खरी, पण फॉइलने उष्णता परतते, खालच्या कांड्या नको तितक्या तापतात, हवा फिरायची जागा बंद होते, आणि फॉइलची कड कांडीला लागली तर विचारूच नका. उपकरणाच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच वापरा. ते पुस्तक डब्यातून काढून वाचायची सवय आपल्याला नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यात असतात.

आग लागलीच तर काय, हे आधी ठरवून ठेवा, त्या वेळी डोकं चालत नाही. ओटीजी असेल तर दार उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. बटण बंद, आणि हात सुरक्षित पोचत असेल तर प्लग काढा, आणि दार बंद ठेवून आतलं विझू द्या. टोस्टरचंही तेच, प्लग काढा आणि दूर व्हा, पेटलेला पाव काढायला हात घालू नका. पाणी ओतू नका. ज्वाळा बाहेर आल्या, पडदा किंवा कपाट धरलं तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा. याच कारणाने टोस्टर पडद्याजवळ, पेपरच्या गठ्ठ्याजवळ किंवा लटकत्या कपाटाखाली ठेवून वापरायचा नाही, आणि कापडी कव्हर घालायचं तर पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून.

वायरकडे महिन्यातून एकदा तरी बघत जा. साधा दोन स्लाइसचा टोस्टर आठशे वॅटच्या आसपास ओढतो, ओटीजी हजार ते दोन हजार, त्यामुळे हे थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचे, बारक्या एक्स्टेन्शन बोर्डवर किटलीच्या शेजारी नाही. प्लग हाताला गरम लागतोय, पिना काळ्या पडल्यात, वायर कुठे चिरलीय, असं काही दिसलं तर वापर त्याच क्षणी थांबवा. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर ती गंमत नाही, करंट पत्र्यात आलाय आणि अर्थिंग काम करत नाहीये. तीन पिनांतली मोठी, अर्थिंगची पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कापून टाकणारे लोक आहेत, तीच पिन अशा वेळी जीव वाचवते. तुटलेली नायक्रोमची तार घरी पीळ मारून जोडू नका, तो जोड सर्वात जास्त तापतो.

आणि असा टोस्टर टाकून द्यायची वेळ आली तर तो तसाच बाहेर ठेवू नका, कुणीतरी चांगला दिसतोय म्हणून उचलून नेतं आणि घरी लावतं. प्लग काढलेला आहे याची खात्री करून वायर मुळापाशी कापा आणि मगच ई-कचऱ्यात द्या.

आपली,
एक वाचक