परफ्यूमचे श्रेय प्रोजेक्टरला देऊ नये

मा. संपादक, स. न.

‘परफ्यूम’ या नाचगाण्याच्या जपानी त्रयीने काम थांबवत असल्याचे जाहीर केले ते २१ सप्टेंबर २०२५ रोजी. मोठ्या कंपनीकडून त्यांचे पहिले सिंगल निघाले त्याला त्या दिवशी बरोबर २० वर्षे झाली. या गटाविषयी लिहिताना लेझर, अंगावर पडणारी चित्रे आणि यंत्रासारखा आवाज एवढेच सांगितले जाते. त्यातून असा समज होतो की तंत्रज्ञांनी तीन मुलींना उभे केले आणि बाकीचे काम संगणकाने केले. घडले ते उलट क्रमाने. नाच आधी घोटला गेला, यंत्रे फार पुढे आली.

गट स्थापन झाला २००० साली, हिरोशिमातल्या एका कलाशाळेत. सुरुवातीच्या एका मुलीच्या जागी लवकरच दुसरी आली आणि निशिवाकी आयाका, काशिनो युका, ओमोतो आयानो हे त्रिकूट ठरले. पुढे ते कधी बदलले नाही. जपानी आयडॉल गटांत, म्हणजे तरुण मुला-मुलींच्या लोकप्रिय गायन-नृत्य गटांत, सदस्य सतत येत-जात असतात, म्हणून याचे मोल मोठे. त्याच शाळेत शिकवणाऱ्या मिकिको या त्यांच्या नृत्यदिग्दर्शिका. २००३ मध्ये मुली टोकियोला आल्या आणि संगीतकार नाकाता यासुताका त्यांना मिळाले. ही माणसे शेवटपर्यंत तीच राहिली.

सुरुवातीची वर्षे कठीण होती. २००५ च्या पदार्पणानंतर सिंगल्स फारशी खपली नाहीत. २००६ मध्ये कंपनीने पहिलाच अल्बम काढला तोही जुन्या गाण्यांचा संग्रह म्हणून, तेव्हा गट बंद पडणार अशीच चिन्हे होती. चित्र पालटले २००७ मध्ये. पुनर्वापराच्या प्रसारासाठी दूरचित्रवाणीवर चाललेल्या लोकहिताच्या जाहिरातीत ‘पॉलिरिदम’ वाजले आणि नाव घरोघरी गेले. एप्रिल २००८ मध्ये ‘गेम’ हा अल्बम ऑरिकॉन या जपानमधल्या संगीतविक्रीच्या यादीत पहिला आला. टेक्नोपॉप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे पॉप, गाणाऱ्या गटाच्या अल्बमला हे स्थान १९८३ मधल्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी गटानंतर प्रथमच मिळत होते. त्याच वर्षी टोकियोच्या बुदोकान सभागृहात कार्यक्रम झाला, ३ नोव्हेंबर २०१० रोजी टोकियो डोम या प्रचंड स्टेडियममध्ये.

‘पॉलिरिदम’चा मधला भाग लयकारी जाणणाऱ्याने अवश्य ऐकावा. खाली ठेका चार-चारचा, आणि वर एकच शब्द तुकडे होऊन पाच-पाच, सहा-सहाच्या गटांत फिरतो. आठ अर्धमात्रांच्या आवर्तनावर पाचाचा तुकडा चाळीस अर्धमात्रांनी, म्हणजे पाच आवर्तनांनी समेवर येतो. सहाचा चोवीस अर्धमात्रांनी, तीन आवर्तनांनी. पॉप गाण्याच्या ऐन मध्यात श्रोत्याचा पाय चुकवण्याचे हे धाडस आहे, आणि नाचणाऱ्यांना पाय चुकवून चालत नाही.

आता आवाज यंत्रासारखा असल्याचा आक्षेप. स्वर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर जलद प्रतिसादावर ठेवले की एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे नाहीसे होते आणि आवाज पायऱ्यांनी चढतो-उतरतो. गायिकेने मींड घेतली किंवा स्वर कंपवला, तर सॉफ्टवेअर शेजारच्या दोन स्वरांत उड्या मारते आणि ओळ फाटते. म्हणून स्वर सरळ, बेताच्या जोरात आणि ठिकाणावर लागावा लागतो. नाकाता यांनी त्यांच्याकडून भावना न ओतता सपाट गाणे मागितले, ते या हिशेबात बसते. गाण्याची आवड असलेल्या मुलींसाठी हे सोपे नव्हते. मंचावर पुष्कळदा ध्वनिमुद्रित आवाज वाजत असे हे खरे आहे, आणि ते लपवायचे काही कारण नाही. तिथे मुख्य सादरीकरण नाचाचे असे.

तो नाच उंच टाचांवर असे, दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमातही. टाचांवर भार पुढच्या पंजावर येतो, उडी घेऊन उतरणे धोक्याचे होते. त्यामुळे मिकिको यांची भाषा मनगट, मान, गुडघा यांचे कोन आणि छोटी पावले यांची आहे. तिघी एकसारखे करतात असे वाटते, पण नीट पाहिले तर एक अर्धी मात्रा मागे असते, दुसरी आरशातल्यासारखी उलट. केसांची ठेवण तिघींची वेगळी आणि वर्षानुवर्षे तीच, म्हणून शेवटच्या रांगेतूनही कोण कुठे आहे ते कळते.

यंत्रे आली ती या पायावर. टोकियो डोमपासून तंत्रज्ञ-कलाकार मानाबे दाइतो आणि त्यांच्या रायझोमॅटिक्स या संस्थेचे काम सुरू झाले, २०१३ मध्ये कान लायन्स या फ्रान्समधल्या जाहिरात महोत्सवाच्या मंचावर तिघींच्या हलत्या पोशाखांवर चित्रे उमटली. हे अवघड का, ते पाहा. कॅमेऱ्याने टिपणे, संगणकाने आकडेमोड करणे, प्रोजेक्टरने फेकणे यात वेळ जातो. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरत असेल आणि उशीर दशांश सेकंदाचा असेल, तर चित्र हातापासून वीस सेंटिमीटर मागे पडते. म्हणून हालचाल आधीच नोंदवून चित्र तिच्या मात्रेशी बांधण्याची वाट काढावी लागते. मग नर्तकीने त्या मात्रेला त्याच जागी असणे आले, नाहीतर चित्र मागच्या पडद्यावर सांडते.

२०१२ मध्ये गटाने तिघींच्या नाचाची नोंद बीव्हीएच या, शरीराची हालचाल आकड्यांत साठवणाऱ्या, फाइल-स्वरूपात सर्वांना खुली केली. ज्यांनी तिच्यावर काम केले त्यांना ठाऊक आहे की तिन्ही फायली एकाच फ्रेमपासून सुरू केल्या नाहीत तर रचना लगेच विस्कटते. एवढा नाच कोणाच्याही संगणकात तपासायला देणे हा आत्मविश्वास सरावातून आलेला आहे.

यापुढे आपल्या पुरवणीत या गटावर मजकूर आला, तर त्यात मिकिको यांचे नाव मानाबे यांच्या आधी यावे, आणि सोबतचे छायाचित्र लेझरचे नको, पाय दिसतील असे असावे.

आपला,
एक नियमित वाचक