बाबांची दाढ काढण्यापूर्वी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल मालवणात पाऊस लागल्यामुळे फोन सारखा तुटत होता, म्हणून राहिलेले सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुमच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, हे कुडाळच्या दंतवैद्यांना आधीच सांगा आणि रक्त पातळ करणारी गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दाढ काढताना हिरडीतले जंतू थोडा वेळ रक्तात उतरतात. निरोगी हृदयात ते बहुधा टिकत नाहीत, परंतु कृत्रिम झडपेला चिकटले तर होणारा संसर्ग जिवावर बेतू शकतो. त्यासाठी दाढ काढण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटे अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकचा २ ग्रॅमचा एकच डोस, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम, देण्याची पद्धत आहे. तरुणपणी संधिवाताच्या तापानंतर तुम्ही पेनिसिलिनची इंजेक्शने घेत होता आणि त्यांचा कधी त्रास झाला नव्हता, हेही डॉक्टरांना सांगा, कारण पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना दुसरे औषध द्यावे लागते. कॅप्सूल घरून निघताना घेऊ नका. दवाखान्यात पोहोचल्यावर नंबर केव्हा लागेल हे विचारून मगच घ्या. चुकून राहिल्याच, तर दाढ काढल्यावर दोन तासांच्या आत घेता येतात, पण त्या भरवशावर राहू नका.

आई, गुडघा बदलल्यापासून दात साफ करून घेण्याआधी तू बाबांच्याच स्ट्रिपमधल्या कॅप्सूल घेतेस, हे ऐकून मला काळजी वाटली. पूर्वी तसा सल्ला सर्रास दिला जाई. परंतु अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम सांध्यासाठी हे औषध सहसा देऊ नये. शेजारच्या काकांच्या स्टेंटसाठीही त्याची गरज नसते. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने जुलाब आणि ॲलर्जी होऊ शकते, शिवाय जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तुझ्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले असेल, तर मला कळव.

रोज दात घासतानाही जंतू रक्तात जातात, म्हणून हिरड्या निरोगी ठेवणे बाबांसाठी त्या चार कॅप्सूलपेक्षाही मोलाचे आहे. बाबा, मिश्री आता खरोखर सोडा.

पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका, कारण ते आधीच पोटात गेले तर रक्ताच्या कल्चर तपासणीत जंतू सापडत नाहीत. त्याच दिवशी मला फोन करा, रात्र असली तरी.

तुमची लेक