थंडी वाजत नसली तरी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं रोज बोलणं होतं, पण "कसं आहे?" "बरं आहे" याच्या पुढे फारसं काही जात नाही. मी कामावरून दमून आलेली असते, तुम्हाला झोप आलेली असते, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आज सवडीने कागद घेऊन बसले आहे.

या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आहे. सकाळी घराबाहेर पडताना दाराची कडी हाताला नकोशी होते, पण तिच्या शेजारचं लाकूड तितकं गार लागत नाही. खरं तर दोन्ही रात्रभर एकाच हवेत असतात, म्हणजे तापमान दोघांचं सारखंच. धातू हातातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, लाकूड सावकाश घेतं, एवढाच फरक. काल कुलूप लावताना बोटं इतकी बधिर झाली होती की किल्ली धरली आहे की सुटली, तेच कळेना. आणि एकदम आईची बोटं आठवली. आई, थंडीत तुझी बोटं सकाळी आखडतात, स्वेटरची बटणं लावायला वेळ लागतो, आणि तू पाठमोरी होऊन लावत बसतेस, कुणाला दिसू नये म्हणून. मला ते दिसायचं. बटणांऐवजी चेन असलेला स्वेटर घेतला आहे तुझ्यासाठी. रंग तुला आवडेल असाच आहे.

बाबा, तुमच्याशी मात्र थोडं भांडायचं आहे. तुम्ही अजून अंधारातच फिरायला निघता. माझी समजूत होती की सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री असते. तसं नसतं. जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहते, आणि सूर्य उगवल्यावरही थोडा वेळ येणाऱ्या उष्णतेपेक्षा जाणारी उष्णताच जास्त असते. त्यामुळे पारा सर्वांत खाली जातो तो बहुधा उजाडताना, कधी सूर्योदयानंतर थोड्या वेळाने. आभाळ निरभ्र असेल तर आणखीच खाली, कारण उष्णता अडवायला ढग नसतात. म्हणजे तुम्ही नेमके दिवसातल्या सगळ्यात गार वेळी बाहेर असता. त्यात २२ डिसेंबरच्या सुमारास सगळ्यात लहान दिवस होऊन गेला की दिवस मोठा व्हायला लागतो खरा, पण सुरुवातीला ती मिनिटं संध्याकाळच्या बाजूला वाढतात. जानेवारी लागला तरी काही दिवस सूर्य उशिराच उगवत जातो. घड्याळाप्रमाणे तुम्ही त्याच वेळेला निघता, अंधार मात्र वाढलेला असतो.

गार हवेत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली ऊब टिकवण्यासाठी. त्याने रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तरुणपणी हे जाणवतही नाही. तुमच्या वयात, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असताना, ते सोडून देण्यासारखं नाही. फिरणं बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. तुमची तब्येत त्याच्यावरच टिकून आहे, हे मला ठाऊक आहे. फक्त ऊन अंगावर येईल अशा वेळी निघा. तुमच्या बरोबरीची मंडळी लवकर निघतात, हे कारण मला पटत नाही. त्यांनाही उशिरा निघायला सांगा.

तुम्ही म्हणाल, "मला कुठे थंडी वाजते?" मला नेमकी त्याचीच काळजी आहे. वय वाढतं तशी थंडीची जाणीव बोथट होते, कुडकुडणंही कमी होतं. अंग गार पडत असतं आणि माणसाला ते उमजत नाही. एरवी आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली उतरलं की धोका सुरू होतो, आणि हे बाहेरच होतं असं नाही, गार खोलीत नुसतं बसूनही होऊ शकतं. बोलणं जड होणं, हालचाल मंदावणं, गोंधळल्यासारखं होणं, दिवसा गुंगी येणं, ही त्याची लक्षणं. "वयच झालंय" म्हणून ती अंगावर काढू नका. तुम्ही दोघं एकमेकांकडे लक्ष ठेवा आणि असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा, मला नंतर.

आई, पाणी. थंडीत तहान लागत नाही, आणि लघवीला तर जास्त वेळा जावं लागतं. म्हणून तू पाणीच कमी करतेस, रात्री उठायला नको म्हणून. दिवसा तरी कमी करू नकोस. कोमट पाण्याचा थर्मास हाताशी ठेव.

आणखी एक, यात मी कुणाचं ऐकणार नाही. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतल्या माणसाला काही समजायच्या आत घात होतो. त्यापेक्षा एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. कापड स्वतः ऊब देत नाही, मधे अडकलेली हवा ती धरून ठेवते. कानटोपी आणि पायमोजे रात्रीही असू द्या.

हे सगळं लिहिता लिहिता रात्र झाली. मघाशी गच्चीवर जाऊन आले. बाबा, मृग नक्षत्र छान वर आलं आहे, त्यातला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली लखलखणारा व्याध. तुम्हीच दाखवले होते, माझं बोट धरून. व्याधाचा आजचा प्रकाश तिथून निघून साधारण साडेआठ वर्षं झाली आहेत. तेव्हा तुम्ही अजून नोकरीत होता, आणि आईचा गुडघा दुखत नव्हता. मी बराच वेळ तिथेच उभी होते. सध्या आपण सूर्याच्या वर्षातल्या सगळ्यात जवळच्या टप्प्यावर आहोत, जुलैपेक्षा जवळजवळ ५० लाख किलोमीटर जवळ, तरी ही थंडी. किरणं तिरपी पडतात आणि दिवस लहान असतो, म्हणून. हे आपल्याला किती उशिरा खरं वाटलं होतं, आठवतं?

स्वेटरबरोबर एक साधा थर्मामीटर पाठवते आहे, भिंतीवर अडकवायचा. तुम्ही झोपता त्या खोलीत लावा, खिडकीपासून लांब. थंड हवेच्या दिवसांत घरात निदान १८ अंश असावेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं आहे, आणि वयस्कर माणसांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. रविवारी मी फोन करेन तेव्हा "बरं आहे" नको. बाबांनी पारा वाचून दाखवायचा आणि सकाळी किती वाजता निघालात ते आईने सांगायचं.

तुमची लेक