आई-बाबा, मी पुन्हा कॉलेजात जाते आहे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा विषय काढायचा ठरवला, पण बाबांनी दर वेळी आधी "ऑफिस कसं चाललंय?" विचारलं आणि राहून गेलं. मी भूगोलाच्या पदवीला प्रवेश घेतला आहे. फीही भरून झाली. रागवा, पण पत्र पुरतं वाचून मग.

तेहतिसाव्या वर्षी बीए कशाला, असं बाबा म्हणणार. कला शाखेला बारावी कुठल्याही शाखेची चालते, माझी कॉमर्सचीसुद्धा. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे गुण, झाले की पदवी, चौथं वर्ष करून १६० झाले की ऑनर्स. मध्ये थांबावं लागलंच, तरी मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा राहतात. मेजर, म्हणजे मुख्य विषय, भूगोल; मायनर, म्हणजे जोडविषय, अर्थशास्त्र. पर्यावरणाचा विषय सगळ्यांनाच सक्तीचा. पण एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास तर प्रॅक्टिकलचे ३०, वर हजेरी ७५ टक्के. पूर्णवेळ नोकरीत ते बसत नव्हतं, म्हणून सोडली. दुपारी एका सीएंकडे हिशेब बघते. बाबांच्या गोळ्यांचे पैसे ५ तारखेला येतात तसेच येतील. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची एफडी वेगळी आहे, तिला हात लावलेला नाही.

तुम्ही मला बीकॉम करायला लावलंत, त्याचं मुळीच वाईट वाटून घेऊ नका. त्या शिक्षणावर मिळालेल्या पगारातूनच २०२१च्या पुरानंतर आपलं घर पुन्हा लागलं.

आई, २००५च्या पुरात मी तेरा वर्षांची घोडी, तरी रात्रभर माळ्यावर तू मला पदराखाली घेऊन बसली होतीस. ओल्या लुगड्याचा तो वास अजून आठवतो. २२ जुलै २०२१ला तुम्ही दोघं तसेच माळ्यावर, आणि मी पुण्यात न लागणारा फोन लावत बसलेली. त्यानंतर ओटीवर दर पावसाळ्यात तोच वाद: पूर कशाने येतो, कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी, दाभोळच्या खाडीची भरती, की वाशिष्ठी नदीतला गाळ? बाबा, मला हे मोजायला शिकायचं आहे.

कॉलेज बघायला गेले तेव्हा सरांनी आपल्या चिपळूणची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, उघडून दाखवली. नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर, आणि उंचीची रेषा दर २० मीटरला एक. आपली ओटी आणि मागची पडवी यांतला हातभर फरक त्यात कुठून दिसणार? पण पाणी आधी पडवीत शिरतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तो फरक लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून, गल्लीगल्लीत फिरूनच काढावा लागतो. अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट असतो. तो मी आपल्याच आळीचा मागणार आहे. मिळाला तर चांगली आठ-पंधरा दिवस घरी राहीन. आई, तेव्हा कुळथाचं पिठलं कर.

आता ऐका. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. कामाला येणाऱ्या मावशींना आईने काटकसर म्हणून बंद करायचं नाही. घराची कागदपत्रं, चष्मे, औषधं जूनपासून माळ्यावर. पाणी चढायला लागलं तर तांदळाच्या डब्यासाठी कुणीही खाली उतरायचं नाही, बाबा, तुम्ही तर नाहीच.

आणि गणपतीआधी रंग काढाल, तेव्हा देव्हाऱ्यामागची पुराची रेघ तेवढी सोडा. मला तिथून जमिनीपर्यंत टेप लावायचा आहे.

तुमची,
चिमी