कोतवाल बुकातल्या मुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक कादंबऱ्या आणि विस्मृतीत गेलेल्या कर्तबगार स्त्रिया या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले. खानदेशासारख्या भागातल्या स्त्रियांवर कादंबरी लिहायची तर साधनंच नाहीत, असं लेखकानं म्हटलं आहे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी पारोळ्याची. महसूल खात्यात 34 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 19 रेकॉर्ड रूममध्ये गेली. मोडी मला वडिलांनी शिकवली. आधी ओळ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत न्यायची, शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारी माणसं कमी पडू लागली, तेव्हा निवृत्त झालेली असूनही मला बोलावणं आलं. तीन-साडेतीन महिने मी रोज लाल रुमालातली दप्तरं सोडून बसत होते. त्यात मुख्य काम गाव नमुना 14 चं, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचं. आमच्याकडं तिला कोतवाल बुक म्हणतात.

त्या वहीत जन्माच्या रकान्यात बापाचं नाव असतं, जात असते, गाव असतं. पुढं लिहिलेलं असतं, ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं. पण मुलाचं नाव पुढं कुठंतरी सापडतं. शाळेच्या दाखल्यात, फेरफारात, सातबाऱ्यावर तो पुन्हा भेटतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, आणि पुन्हा वहीत येते ती थेट मृत्यूच्या रकान्यात, ‘अमक्याची बायको’ म्हणून. कारण लिहिलेलं असतं ताप, पटकी, देवी, बाळंतपण. एका गावच्या वहीत एकाच घरातल्या तीन बायका आठ दिवसांत गेलेल्या मी वाचल्या. सासू, सून आणि सहा महिन्यांची मुलगी. त्या घरात त्या आठ दिवसांत चूल कोणी पेटवली असेल, हा प्रश्न मला दोन रात्री झोपू देत नव्हता. कादंबरीकाराला यापेक्षा आणखी कसलं साधन हवं?

शोधाच्या दुसऱ्या महिन्यात अमळनेर तालुक्यातल्या एका गावची वही हाती आली. ते माझ्या आजीचं माहेर. आजीचा जन्म ‘छप्पन्नना दुकाय’मधला, असं ती स्वतः सांगायची, म्हणजे विक्रम संवत 1956 च्या, आपल्या 1899-1900 च्या दुष्काळातला. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता, पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग 1906 साली झाले. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना आई मला पाटीत घालून न्यायची, हे ती आम्हा नातवंडांना सांगत असे. पणजोबांचं नाव मला ठाऊक होतं. पान उलटता उलटता ते समोर आलं. जात कुणबी, गाव तेच, तारीख जुळणारी, आणि पुढं दोनच शब्द, ‘मुलगी झाली’. माझ्या आजीबद्दल सरकारदरबारी जन्माचं एवढंच लिहिलेलं आहे. त्या रकान्यात पेन्सिलीनं तिचं नाव लिहावं असं फार वाटलं. सरकारी दप्तरात असं लिहिता येत नाही. मी नोंद उतरवून घेतली आणि रुमाल बांधला.

ही आजी 1936 च्या डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेली होती. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती आणि त्याआधी साने गुरुजी आमच्या भागात गावोगाव हिंडले होते. गावातल्या सात बायका एका बैलगाडीत, सोबत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, तीन दिवसांची वाट. फैजपूर म्हटलं की ती म्हणायची, “माले ती बांबूस्नी कमान याद शे.” भाषणातलं एक अक्षर तिनं कधी सांगितलं नाही. पण गाडीत कोण बसली होती, कोणाचं पोर वाटेत तापलं, परतल्यावर कोणत्या सासूनं सुनेला ओसरीवरच उभं केलं, हे सगळं तिला पाठ होतं. फैजपूरवर जे लिहिलेलं मी वाचलं त्यात ती बैलगाडी मला कुठं भेटली नाही.

पारोळ्याचा किल्ला पाहायला लोक येतात आणि झाशीच्या राणीचं विचारतात. ते साहजिक आहे, इथली जहागीर नेवाळकरांची, म्हणजे राणीच्या सासरच्या घराण्याची होती. जिजाऊ, येसूबाई, ताराराणी, अहिल्याबाई यांच्यावर पुन:पुन्हा लिहिलं जातं, लिहिलं जावं. माझं म्हणणं एवढंच की राणीच्या पलीकडं आपली कादंबरी फारशी सरकतच नाही.

आता नंदुरबारचंच पाहा. 9 सप्टेंबर 1942 ला निघालेल्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात गेले. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही नावं आम्ही शाळेत पाठ केली. पोलिसानं मुलींच्या घोळक्यावर बंदूक रोखली तेव्हा शिरीषकुमार मध्ये उभा राहिला, अशी हकिकत सांगतात. मी ती लहानपणापासून ऐकते आहे आणि प्रत्येक वेळी मनात येतं, त्या मुलींचं पुढं काय झालं? त्या घरी गेल्या असतील. आयांनी त्यांना बाहेर पडणं बंद केलं असेल. वर्षभरात काहींची लग्नं लागली असतील. आपल्यासमोर उभा राहिलेला मुलगा पडताना पाहिलेली ती पंधरा वर्षांची मुलगी पुढं साठ वर्षं स्वयंपाक करत, पोरं वाढवत जगली असेल, तर तिच्या मनात काय होतं, हे लिहायला कादंबरीच लागते. इतिहास तिथं थांबतो.

अमळनेर तालुक्यातल्या डांगरीच्या लीलाताई उत्तमराव पाटील तर अगदी अलीकडच्या. 1942 च्या आंदोलनात शिक्षा झाली, कैदेतून निसटल्या, भूमिगत झाल्या. 14 एप्रिल 1944 ला धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यासाठी साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड यांच्यासारखे लोक इथं आले होते. त्यांना इथं जेवूखाऊ घालणारी, लपवणारी, निरोप पोचवणारी घरं होती आणि त्या घरांत बायका होत्या. शेजारच्याच अमळनेर गावातल्या दोन महाविद्यालयीन मुलींना मी लीलाताईंचं नाव विचारलं. दोघींनीही ऐकलेलं नव्हतं.

त्याच्या मागं गेलं तर 11 एप्रिल 1858 ची अंबापाणीची लढाई. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांशी इंग्रजांची सातपुड्यात झालेली. पुरुषांना गोळ्या घातल्या आणि बायकांना कैद केलं. त्या कैदेतल्या एखाद्या बाईच्या डोळ्यांनी ती लढाई कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. ते लिहिणारी सातपुड्यातलीच एखादी शिकलेली मुलगी असावी, असं मला मनापासून वाटतं.

लिहिणाऱ्यांकडं माझी मागणी एकच आहे. जे कागदावर आहे ते बदलू नका, आणि जे कल्पनेनं भरलं ते शेवटच्या पानावर सांगा. अजिंठ्याच्या पारोचं उदाहरण घ्या. लेण्यांची चित्रं उतरवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलनं आपल्या या प्रेयसीच्या कबरीवर दगड बसवला, त्यावर तिचं नाव आणि 23 मे 1856 ही तारीख आहे. गिल स्वतः 1879 साली गेला, त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. पारोवर कविता झाली, चित्रपट झाला. दोन्हींचा मला आनंदच आहे. पण आता लोक तिचे संवादसुद्धा खरे म्हणून सांगतात. एका नावावर आणि एका तारखेवर कलावंतानं एवढं उभं केलं, ही त्याची ताकद आहे, आणि ती वाचकाला कळायला हवी.

दुसरं, भाषा. गेल्या वर्षी वाचलेल्या एका कादंबरीत 1870 च्या सुमाराची धुळ्याकडची बाई पानोपानी ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ म्हणते. ती सातारा-कोल्हापूरची बोली झाली. आमच्याकडची बाई ‘नही’ म्हणते, ‘माले-तुले’ म्हणते. त्यातही अहिराणी वेगळी आणि जळगाव-यावलकडची लेवा बोली वेगळी. बहिणाबाई चौधरींचे लेवा शब्द आमच्या अहिराणी बोलणाऱ्या आजीच्या तोंडी नव्हते. त्याच कादंबरीत नायिका धुळ्याहून पारोळ्याला येताना तापी ओलांडते. तापी पार उत्तरेला राहिली, या वाटेवर ती लागतच नाही. पुरणपोळी तव्यावर भाजते, तीही खापर, म्हणजे चुलीवर उलटं ठेवायचं मातीचं भांडं, घरोघर असण्याच्या काळात. या चुका बारीक वाटतील. पण जिच्याबद्दल आधीच दोन शब्द लिहिलेले आहेत, तिच्या तोंडचा शब्दही काढून घेतला तर तिचं काय उरतं?

बहिणाबाईंचं नाव आज विद्यापीठाला आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून गाणी टिपली गेली आणि त्या गेल्यानंतर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या हातून पुस्तक आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर, श्रावणातल्या कानबाई देवीच्या रात्री, जात्यावर ज्यांनी गाणी रचली आणि ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हता, त्यांची गाणी आजही सत्तरी-ऐंशीच्या बायकांना येतात. कागदाचं साधन एक वेळ थांबेल. या बायका थांबणार नाहीत. मी स्वतः 69 वर्षांची आहे आणि आजीची निम्मी गाणी मला आठवत नाहीत.

फेरफाराच्या वह्याही पाहा. विधवेला पोटगीदाखल दिलेला तुकडा, लेकीला चोळीबांगडीसाठी लिहून दिलेली जमीन, पुढं दिरांनी घेतलेली हरकत, आणि खाली बाईचा अंगठा. या नोंदींत बाईचं नाव पूर्ण लिहिलेलं असतं, कारण जमिनीचा प्रश्न असतो. एका बाईचे अंगठे मला 22 वर्षांच्या अंतरानं तीन ठिकाणी सापडले. तिसऱ्या वेळी तिनं हरकत जिंकलेली होती.

कोणाला लिहायचं असेल, विशेषतः आमच्या भागातल्या मुलींना, तर मोडी शिकवायला मी तयार आहे. शनिवारी आणि रविवारी दुपारी घरीच असते. बाराखडीच्या वह्या मी करून ठेवल्या आहेत, अकरा उरल्या आहेत. पत्ता आपल्या कार्यालयात कळवला आहे, विचारणाऱ्यांना तो द्यावा.

आपली,
एक निवृत्त अभिलेखपाल,
पारोळा, जि. जळगाव